परतीच्या आधीचे बावीस दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



भाषणासाठी मी आज पहिल्यांदाच उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्या. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही परमुलखात दोन वर्षे एकट्या राहून आलात, त्यावर बोला." दोन वर्षांचे सगळे सांगत बसले तर दिवेलागण होईल आणि तुमचे कुकर लावायचे राहतील. म्हणून मी फक्त शेवटच्या बावीस दिवसांचे सांगणार आहे. ते मी आजवर कोणालाच नीट सांगितलेले नाही. मला त्याची थोडी लाज वाटत होती.

मी का गेले हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. 2012 साली आमच्या ह्यांच्या टेंपोला अपघात झाला. पाय दोन ठिकाणी मोडला. टेंपोचे हप्ते थकले, दवाखान्यासाठी व्याजाने पैसे काढले, आणि बघता बघता देणे पावणेतीन लाखांवर गेले. आपल्या बाजारातल्या एका व्यापाऱ्यांचे नातलग ओमान देशात, मस्कतला असतात. कच्छी लोक तिथे पिढ्यान् पिढ्या व्यापार करीत आले आहेत. त्या घरी ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या. त्यांचे सगळे करायला आणि स्वयंपाकाला बाई हवी होती. पगार महिना 80 रियाल, राहणे-जेवण त्यांच्याकडे. त्या वेळी एका रियालचे साधारण 165 रुपये होत.

मी तेव्हा चौतीस वर्षांची होते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर वेगळा शेरा असे, आणि आखातात कामाला जायचे तर सरकारची परवानगी लागे. तीस वर्षांखालच्या बाईला घरकामासाठी ती मिळतच नसे. मला मिळाली. 2013 च्या सप्टेंबरात मी विमानात बसले. तोपर्यंत मी एस्.टी.नेसुद्धा एकटी रत्नागिरीच्या पुढे गेले नव्हते.

जाताना मी बॅगेत कालनिर्णय नेले होते. ते माझ्या खोलीत खिळ्याला टांगले आणि रोज रात्री निजण्यापूर्वी पेन्सिलीने त्या दिवसावर काट मारायची असा नेम धरला. पहिले वर्ष मी असेच ढकलले. त्याच वर्षी माझी मुलगी मोठी झाली. ती बातमी मला जाऊबाईंनी फोनवर सांगितली. मुलगी फोनवर आली नाही, लाजली. आईने जवळ बसून सांगायच्या चार गोष्टी तिला दुसऱ्या कोणीतरी सांगितल्या. ते मला अजून लागते. मुलगा नऊ वर्षांचा होता. तो फोनवर यायचा, पण "हां, हूं" एवढेच बोलायचा. तेव्हा परदेश फार छान असतो असे सांगायला मी इथे उभी नाही, हे आधी लक्षात घ्या.

2015 च्या जुलैत देण्याचा शेवटचा हप्ता गेला. 12 सप्टेंबरचे तिकीट निघाले. गणपती सतरा तारखेला होते, म्हणजे चतुर्थीला मी घरात असणार होते. ऑगस्टमध्ये घरच्या भाभी म्हणाल्या, "अजून दोन वर्षे राहा, 100 रियाल करते." मी त्याच क्षणी नाही म्हटले. मुलांपुढे मला दुसरा विचारच नव्हता.

आणि 20 ऑगस्टच्या रात्री काट मारून झाल्यावर मी उरलेले दिवस मोजले. बावीस भरले. मला वाटले होते, आता उड्या माराव्याशा वाटतील. पण घशाशी आवंढा आला. मी खाटेवर बसून राहिले. आपली मुले तिकडे वाट पाहात आहेत, हे अजून काठी घेऊन चालताहेत, आणि आपल्याला इथून जायचे वाईट वाटते आहे! मी कसली आई, असे मनात आले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पहाटे विचार केला, नक्की वाईट कशाचे वाटते? बंगल्याचे नव्हे, तो माझा नव्हता. कामाचेही नव्हे, घरी आल्यावर तेच काम होते. मग कशाचे? भगिनींनो, मला शुक्रवारचे वाईट वाटत होते. तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. मला शुक्रवारी दुपारी चारपासून रात्री आठपर्यंत मोकळीक होती. ते चार तास मला कोणी हाक मारीत नसे. माझे लग्न एकोणिसाव्या वर्षी झाले. त्याआधी माहेरी धाकटी भावंडे. हक्काचे चार तास मला त्याआधी कधी मिळालेच नव्हते. आणि मिळाले तेव्हा पहिले वर्षभर मी त्या वेळात कपडे शिवले, घरी फोन केले आणि रडले.

त्या दिवशी मी पेन्सिल कपाटात ठेवून दिली. ठरवले, उरलेल्या दिवसांवर काट मारायची नाही. बावीस दिवसांत चार शुक्रवार होते.

पहिल्या शुक्रवारी मी वाटून घ्यायची टॅक्सी करून मत्राला गेले. मत्रा म्हणजे मस्कतचे जुने बंदर. समुद्राकाठाने लांबच लांब फिरायचा रस्ता, वर डोंगरावर किल्ला, आणि मागे जुना बाजार. दर वेळी मी तिथे कोणासाठी काय न्यायचे ते शोधत फिरे. त्या दिवशी काही घेतले नाही. शंभर बैशांचा वेलची घातलेला कडक चहा घेतला. एका रियालचे हजार बैसे. कागदी पेला हातात धरून बाकावर बसले. उकाडा असा की पदर अंगाला चिकटत होता. तरी बसले. स्वतः मिळवलेल्या पैशाचा चहा, एकटीने, घाई न करता, मी आयुष्यात पहिल्यांदा प्याले. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो. तिथे तो मागच्या बोडक्या डोंगराआड जातो आणि पाणी काळोखात आधी शिरते. दोन वर्षांत हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. समुद्र मात्र आपल्याच अरबी समुद्राला जोडलेला. दुसऱ्या दिवशी मी बांना हे सांगितले, तर त्या म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांच्या वेळी मांडवीहून लोक गलबतांनी येत.

दुसऱ्या शुक्रवारी मी मैत्रिणींना भेटले. आम्ही कामवाल्या बाया देवळाबाहेर जमत असू, एक केरळची, एक आंध्राकडची, एक श्रीलंकेची. मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत असू. मी हसत हसत तिकिटाचे सांगितले आणि आंध्राकडची बाई गप्प झाली. तिचा पासपोर्ट तिच्या मालकाने स्वतःजवळ ठेवला होता. आई वारली तेव्हाही तिला जाता आले नव्हते. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "तू जा. आणि जाईपर्यंत नीट खा, नीट झोप." माझ्या आनंदाची मला लाज वाटली. पण मग वाटले, जे तिला मिळत नाही ते मी रडत घालवले तर तिला त्याचा काय उपयोग? म्हणून इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगते. आपल्यापैकी कोणाची मुलगी-सून कामाला परदेशी जाणार असेल तर पासपोर्टाची आणि करारपत्राची एकेक नक्कल घरी ठेवा, आणि तिथल्या आपल्या वकिलातीचा पत्ता नि फोन तिच्याजवळ लिहून द्या. मी तो परकराच्या खिशात ठेवीत असे. त्याची गरज पडली नाही, हे माझे नशीब.

दुसऱ्या दिवशी नारळी पौर्णिमा होती. मी भाभींकडून नारळ मागून घेतला आणि नारळीभात केला. बांनी दोनदा मागून घेतला. त्या दिवसांत मला कामसुद्धा निराळे वाटू लागले होते. बांची वेणी घालताना त्यांचे केस किती मऊ आहेत, त्या खिचडीवर तूप घालून घेताना डोळे कसे मिटतात, हे मी आता बघत होते. आधी ते नुसते उरकत होते.

तिसऱ्या शुक्रवारी मी पुन्हा मत्राच्या बाजारात गेले आणि हलवा कसा करतात ते उभी राहून पाहिले. मोठ्या तांब्याच्या भांड्यात साखर, पिठूळ सत्त्व, तूप, केशर, गुलाबपाणी, आणि एक माणूस लांब दांड्याने सारखा ढवळतो. हात थांबला की खाली लागते. शेजारी लोबान, म्हणजे आपल्या उदासारखा झाडाचा डिंक, ढिगाने विकायला. दक्षिणेकडच्या सलालाकडून तो येतो. झाडाच्या सालीला चीर देतात, त्यातून चीक येतो आणि सुकून खडे होतात. दुकानदाराने हिरवट पांढरा खडा हातावर ठेवून तोच सर्वांत चांगला असे सांगितले. मी तोच घेतला. दुसऱ्या दिवशी गोकुळाष्टमी होती. दारसैतच्या कृष्णमंदिरात भाभींबरोबर जाऊन आले. सगळ्या भाषांचे लोक तिथे एका रांगेत होते.

10 सप्टेंबरला, गुरुवारी सकाळी, भाभी पाहुण्यांबरोबर मलाही मोठी मशीद दाखवायला घेऊन गेल्या. ती 2001 साली खुली झाली. सकाळच्या वेळी इतर धर्मांच्या लोकांनाही आत जाऊ देतात. शुक्रवारी मात्र नाही. हातपाय पूर्ण झाकलेले आणि डोक्यावर ओढणी हवी. आत एकच अखंड गालिचा आहे, 70 मीटर लांब आणि 60 मीटर रुंद. 21 टन वजन, 170 कोटी गाठी, चार वर्षांचे काम. इराणातल्या शेकडो विणकर बायांनी तो हाताने विणला आहे. मी त्या गाठींकडे बघत राहिले. आपण एक स्वेटर विणून दमतो!

बाहेर एका खोलीत आम्हाला खजूर आणि कहवा दिला. लहानशी बिनकानाची वाटी, त्यात घोटभर कहवा. वाटी रिकामी झाली की ती पोरगी पुन्हा भरी. मी तीनदा प्याले, नको कसे म्हणावे कळेना. तेव्हा भाभींनी दाखवले, पुरे झाले की वाटी हातात जराशी हलवायची. मी हलवली. तिने हसून वाटी घेतली. मला ते फार आवडले.

शेवटच्या शुक्रवारी मी त्याच बाकावर जाऊन बसले. फारसा विचार केला नाही. चहा प्याले आणि आठच्या आत परत आले. दुसऱ्या दिवशी निघताना बांच्या पाया पडले. "येते" म्हटले. आपण "जाते" म्हणत नाही. त्याही "आवजो" म्हणाल्या, म्हणजे पुन्हा ये. दोघींनाही ठाऊक होते की ते होणे नाही.

घरी आले. मुलगी माझ्या खांद्याला लागली होती. गणपतीत घर भरले. लोबानाचा वास सगळ्यांना आवडला. मी मनापासून सुखी होते, यात खोटे काही नाही. पण गौरी-गणपती झाल्यावर पंधरा दिवसांनी मी ह्यांना बावीस दिवसांचे थोडेसे सांगितले. म्हटले, "मला आठवड्यातून दोन तास हवेत. चार ते सहा. मी कुठे जाते ते सांगून जाईन, पण त्या वेळी मला हाक मारू नका." सासूबाई म्हणाल्या, "परदेशातून हे शिकून आलीस?" मी म्हटले, "हो." उलट उत्तर द्यायची माझी ती पहिलीच वेळ. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन वर्षे चहा मीच करीत होतो. दोन तासांत काय बिघडते?"

त्या गुरुवारी मी या मंडळात पहिल्यांदा आले. त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. ह्यांचा चहा अजूनही कधी कधी उतू जातो, आणि सासूबाई अखेरपर्यंत मधून मधून टोमणा मारीत होत्या. पण गुरुवार मी सोडलेला नाही.

भगिनींनो, मला एवढेच सांगायचे होते. कुठल्याही मुक्कामाचे, लेकीच्या बाळंतपणाचे असो, दवाखान्यातले असो, की माहेरपणाचे असो, शेवटचे दिवस आपण बॅगा भरण्यात आणि काट मारण्यात घालवतो. मीही जवळजवळ दोन वर्षे तशीच घालवली. घरची ओढ आणि तिथून निघण्याचे दुःख, दोन्ही एका मनात राहू शकतात, त्याने घरावरची माया कमी होत नाही, हे मला कोणी आधी सांगितले असते तर त्या रात्री मी स्वतःला इतकी नावे ठेवली नसती. म्हणून मी ते आज तुम्हाला सांगून टाकले.

आता मी माझी वाटी हलवते.