भंगाराची ओळख कारखान्याच्या दारातच ठरावी : स्वागताध्यक्षीय भाषण



औद्योगिक प्लास्टिक भंगाराच्या विक्रीचा विचार करणारी ही परिषद मुंबईच्या माहुलमध्ये व्हावी, यामागे या परिसराचा इतिहास आहे. ट्रॉम्बेची टेकडी आणि खाडी यांच्या कुशीतल्या या कोळी-आगरी गावाच्या शेजारी 1954 आणि 1955 या लागोपाठच्या वर्षांत दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले. तेलशुद्धीकरणात निघणाऱ्या नॅफ्था या हलक्या द्रवाचे अतिउच्च तापमानाला विघटन करून इथिलीन वायू मिळवणारा देशातील पहिला प्रकल्प 1966 मध्ये ट्रॉम्बे येथेच युनियन कार्बाइडने उभारला, आणि इथिलीनचे रेणू एकमेकांना साखळीने जोडले की पॉलिथिन तयार होते. दुसरीकडे 1927 पासून मुंबईचा कचरा स्वीकारणारे देवनारचे क्षेपणस्थान आणि मानखुर्दचा मंडाळा भंगार बाजारही येथून काही किलोमीटरांवरच आहेत. प्लास्टिकचा आरंभ आणि त्याची अखेर इतक्या जवळजवळ पाहणारी गावे देशात फार थोडी असतील. प्लास्टिकचा लाभ ज्यांच्या वाट्याला फारसा आला नाही, त्या वस्त्यांनी त्याच्या धुराचा भार वर्षानुवर्षे सोसला, हेही येथे नोंदवणे आवश्यक आहे.

औद्योगिक भंगार आणि घरगुती कचऱ्यातील प्लास्टिक यांत मूलभूत फरक आहे. साच्यातून वस्तू काढल्यावर उरणारे रनर, यंत्र साफ करताना बाहेर पडणारे लम्प म्हणजे घट्ट झालेले गोळे, फिल्मच्या कापलेल्या कडा आणि नापास झालेला माल हे सर्व ग्राहकाच्या हाती जाण्याआधीचे भंगार होय. त्यावर अन्नाचा किंवा मातीचा डाग नसतो आणि ते कोणत्या बहुवारिकाचे आहे, म्हणजे कोणत्या साखळी-रेणूचे बनले आहे, हे कारखान्याला नेमके ठाऊक असते. कच्च्या मालाची रिकामी पोती, लायनर, पिंपे आणि कार्बॉय हे त्याच आवारातले दुसऱ्या प्रकारचे भंगार असून त्यांचाही पूर्वेतिहास भांडाराच्या नोंदवहीत असतो. ही माहिती फुकट उपलब्ध असते आणि तिच्याइतकी मौल्यवान गोष्ट पुनर्चक्रणाच्या साऱ्या साखळीत दुसरी नाही. परंतु सगळा माल एका ढिगात टाकून 'प्लास्टिक भंगार, मिश्र' या एका नावाने तो विकला जातो, तेव्हा ही माहिती दारातच नष्ट होते.

ती परत मिळवण्यासाठी पुढे किती श्रम पडतात, हे धारावीतल्या किंवा मंडाळ्यातल्या कोणत्याही गाळ्यात दिसते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची घनता पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे त्यांचे तुकडे पाण्यावर तरंगतात, तर पीव्हीसी, पेट आणि नायलॉन बुडतात. या साध्या नियमावर धुण्याच्या टाकीतली वर्गवारी चालते. तथापि पॉलिप्रॉपिलीनमध्ये खडूची पूड भरपूर मिसळलेली असेल तर तेही बुडते, आणि पेट व पीव्हीसी दोन्ही एकत्रच तळाशी बसतात. पेट वितळण्यास सुमारे 250 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि त्याच्या बरेच आधी पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटू लागतो. त्यामुळे पीव्हीसीचे थोडेसे मिश्रणही संपूर्ण घाणा बिघडवते आणि यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगाराचा घसा जाळते. टाकीने न सुटलेली शंका कामगार तुकडा पेटवून, त्याच्या ज्योतीवरून आणि वासावरून सोडवतात. हे कौशल्य निःसंशय थोर आहे, पण ज्या कारखान्याला उत्तर आधीच माहीत होते, त्याने ते सांगितले नाही म्हणून एखाद्या माणसाने धूर हुंगावा, ही व्यवस्था समर्थनीय नाही.

विणलेल्या पोत्यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. खताचे किंवा रसायनाचे पोते बाहेरून पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्यांचे, आतले लायनर पॉलिथिनचे आणि शिलाईचा दोरा अनेकदा तिसऱ्याच जातीचा असतो. पोते रिकामे होताच त्याच जागी लायनर वेगळे काढून दोरा उसवला तर दोन स्वच्छ गठ्ठे तयार होतात आणि दोन्हींना वेगवेगळा, चांगला भाव येतो. एकत्र वितळवल्यास ही दोन बहुवारिके नीट एकजीव होत नाहीत आणि निघणारा रिप्रो दाणा, म्हणजे पुन्हा वितळवून केलेला दाणा, ठिसूळ राहतो. प्रत्येक वितळणीत रेणूंच्या साखळ्या थोड्याफार तुटतात, हे गृहीत धरले तर सुरुवातीचा माल शुद्ध असण्याला केवढे महत्त्व आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

परंतु माहुलच्या दृष्टीने सर्वांत गंभीर प्रश्न पिंपांचा आहे. उच्च घनतेच्या पॉलिथिनची निळी पिंपे भंगारात हमखास खपतात, कारण ती वितळवता येतात आणि न वितळवता थेट वापरताही येतात. पाणीटंचाईच्या वस्त्यांमध्ये अशाच निळ्या पिंपांत पिण्याचे पाणी साठवले जाते. सेंद्रिय द्रावके पिंपाच्या भिंतीत मुरतात आणि ती धुतल्यानंतरही हळूहळू बाहेर झिरपत राहतात. म्हणून ज्या पिंपात कीटकनाशक किंवा विषारी द्रावक होते, ते कितीही चकचकीत धुतले तरी पाण्याचे पिंप होऊ शकत नाही. घातक व इतर कचरा नियम, 2016 यांच्या पहिल्या परिशिष्टात घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे, भांडी आणि लायनर यांची घातक कचऱ्यातच गणना केलेली आहे. ती सामान्यतः 90 दिवसांपेक्षा अधिक काळ आवारात साठवता येत नाहीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकृततेशिवाय ती कोणाला विकताही येत नाहीत. असे पिंप धुतल्यावर निघणारे पाणी हेही सांडपाणीच असते, त्यामुळे धुण्याची जागा सांडपाणी शुद्धीकरण संयंत्राजवळ असली पाहिजे, नाल्याकाठच्या गाळ्यात नव्हे. जास्तीत जास्त बोली लावणाऱ्याला पिंपे देऊन टाकणे हा व्यवहार हिशेबाच्या वहीत नफ्याचा दिसतो, पण त्याचा खरा खर्च कोणत्या तरी वस्तीतले कुटुंब फेडते. स्वागत समितीचे याबाबतचे मत निःसंदिग्ध आहे : पिंपाच्या विक्रीत भाव हा निकष शेवटचा असावा.

सार्वजनिक क्षेत्रातील उद्योग आपले भंगार प्रायः ई-लिलावाने विकतात आणि 1964 मध्ये स्थापन झालेली एमएसटीसी ही कंपनी असे लिलाव चालवते. 'जसे आहे तसे, जेथे आहे तेथे' ही लिलावाची रूढ अट विक्रेत्याला वादापासून वाचवते खरी, पण मालाचे वर्णन करण्याच्या जबाबदारीतूनही त्याला मोकळे करते. बयाणा रक्कम, माल उचलण्याची मुदत आणि काट्यावरचे वजन यांविषयी जितक्या काटेकोर अटी घातल्या जातात, तितक्याच काटेकोरपणे बहुवारिकाची जात, ओलावा आणि आधी त्यात काय होते, हे लिहिले गेले तर खरेदीदारही निर्धास्तपणे वाढीव बोली लावेल.

कायद्याची दिशाही आता त्याच बाजूला वळली आहे. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत फेब्रुवारी 2022 मध्ये विस्तारित उत्पादक उत्तरदायित्वाची मार्गदर्शक तत्त्वे जोडण्यात आली. वेष्टनाचे प्लास्टिक बाजारात आणणाऱ्यानेच त्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी घ्यावी, असा या तत्त्वांचा आशय आहे. त्यांनुसार कडक वेष्टनात पुनर्चक्रित प्लास्टिकचे प्रमाण 2025-26 मध्ये 30 टक्क्यांपासून सुरू होऊन 2028-29 पर्यंत 60 टक्क्यांवर जावयाचे आहे, आणि पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे केवळ नोंदणीकृत प्रक्रियाकारांकडूनच मिळतात. चीनने 2018 मध्ये परदेशी प्लास्टिक कचऱ्याला दार बंद केले आणि भारताने मार्च 2019 मध्ये घन प्लास्टिक कचऱ्याच्या आयातीवर बंदी घातली. त्यामुळे चांगल्या दाण्याची वाढती मागणी देशातल्याच भंगारातून भागवावी लागणार आहे. मात्र ऑक्टोबर 2021 पासून प्लास्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर 5 वरून 18 टक्के करण्यात आला, तेव्हा बिलाने व्यवहार करणाऱ्या लहान प्रक्रियाकाराचे खेळते भांडवल करात अडकले आणि बिनबिलाच्या बाजाराला आयते बळ मिळाले. या प्रश्नावर परिषदेने स्पष्ट ठराव करावा, अशी समितीची अपेक्षा आहे.

या सभागृहातील कचरावेचक भगिनींची उपस्थिती औपचारिक नाही. पुण्यात 1993 मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेचा परिसर विकास कार्यक्रम यांनी हे सिद्ध केले आहे की, ओळखपत्र, वर्गवारीची जागा आणि वजनाचा रास्त भाव मिळाला की हेच काम प्रतिष्ठेचे होते. वर्गवारी कारखान्याच्या आवारात होऊ लागली, तर ते काम ठेकेदाराच्या अनोळखी मजुरांना देण्याऐवजी अशा संघटित महिलांना, हातमोजे, मुखपट्टी आणि किमान वेतनासह द्यावे.

माहुल आणि आंबापाड्याच्या रहिवाशांनी हवेच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, आणि डिसेंबर 2015 मध्ये लवादाने येथील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. ज्या गावाला आपल्या श्वासासाठी न्यायपीठापुढे उभे राहावे लागले, त्या गावाने पाहुण्यांपुढे एवढेच मागणे ठेवले आहे : येथे उपस्थित असलेल्या प्रत्येक कारखान्याने आपल्या पुढच्या भंगार निविदेत मालाची जात आणि पूर्वेतिहास लिहिणे बंधनकारक करावे, दूषित पिंपे त्या निविदेतून वगळावीत, आणि खरेदीदाराची नोंदणी पाहिल्याशिवाय एकही गाडी काट्यावर घेऊ नये.