आंबागडाचें छायाचित्र

वरठीहून आगगाडीनें तुमसर गांठलें, कीं आंबागड फार दूर नाहीं. गोंडराजा बख्त बुलंदच्या काळांतला हा गिरिदुर्ग पुढें नागपूरकर भोसल्यांनीं कारागृह म्हणून वापरला. पुष्कळ हौशी मंडळी केवळ दरवाजाचें छायाचित्र घेऊन परततात. मला तें अपुरें वाटतें. सभोंवतालचें रान चित्रांत नसेल, तर किल्ला याच टेकडीवर कां, हें कळणार कसें? पावसाळ्यानंतर हवा निवळ असते खरी, परंतु सागाचीं रुंद पानें तटबंदी झांकतात. फाल्गुनांत तीं गळाल्यावर, तिरप्या उन्हाच्या वेळीं जावें. चिऱ्यांमधील भेगा स्पष्ट उठतात. तटाशेजारीं एक माणूस उभा करावा, म्हणजे उंची समजते. आणि दरवर्षीं त्याच जागेवरून चित्र घ्यावें. यंदा कोणता भाग ढासळला, तें मग अधिकाऱ्यांपुढें ठेवतां येतें.