जीपची दांडी हलते तेव्हा



जुन्या जीपमध्ये पहिल्यांदा बसणारा पाहुणा हमखास विचारतो, "गाडी गिअरमध्ये आहे की न्यूट्रलमध्ये?" दांडी दोन्ही वेळी सारखीच डुलत असते. मालक म्हणतो, "आहे हो, टाकलाय गिअर," आणि क्लच सोडतो. बहुतेक वेळा त्याचं खरंही असतं.

महिंद्रांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलिस जीप जुळवायला घेतली. तिचीच पुढची भावंडं हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा, सेनगाव, कळमनुरीच्या वाटांवर हळदीची पोती, वऱ्हाडी मंडळी आणि निवडणुकीचे भोंगे वाहत फिरली. शहरात त्याच काळात फियाट होती, तीच पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023मध्ये संपली. पद्मिनीचा गिअर सहसा स्टिअरिंगखाली. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या, सांधे, बुश. प्रत्येक ठिकाणी केसभर ढिलाई आली की दांडीच्या मुठीशी ती बोटभर होते. म्हणून तिथे एकच बुश बदलून भागत नाही.

जीपची दांडी मात्र थेट गिअरबॉक्सच्या झाकणात उतरते. काढायला इतकी सोपी, की लोक ती न काढता वरूनच का ठोकत बसतात हे मला कधी कळलेलं नाही.

पाना हातात घेण्याआधी इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून नुसतं बघा. सगळं इंजिनच हेलकावे खात असेल आणि दांडी त्याच्याबरोबर थरथरत असेल, तर दोष रबरी माउंटिंगचा. गाडी चालता चालता गिअर निसटत असेल, तर दुखणं आत आहे: गिअर जागेवर धरणारा छरा, त्यामागची स्प्रिंग, नाहीतर झिजलेले दात. दांडी नवी घातली तरी ते बरं होणार नाही.

दांडीच ढिली आहे अशी खात्री झाली, की गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करा आणि चाकांना पुढून-मागून दगड द्या. जुन्या हँडब्रेकवर विसंबू नका. गिअर न्यूट्रलला आणा. रबरी बूट वर सरकवून भोवतालची माती डिझेलच्या फडक्यानं पुसून घ्या. आपल्या काळ्या मातीची धूळ एकदा गिअर ऑइलमध्ये पडली की छऱ्या-बेअरिंगांचं वाटोळं करते. मग दांडीच्या बुडाची टोपी काढा. काही गाड्यांत ती आट्यांची असते, काहींत दाबून फिरवायची. खाली स्प्रिंग दबलेली असते, म्हणून दुसरा हात टोपीवर ठेवा. दांडी सरळ वर ओढून घ्या आणि भोकावर लगेच मोठं स्वच्छ फडकं टाका. लहान चिंधी नको, तीच आत पडते.

आता दांडी उजेडात धरा. मधला गोळा, त्याच्या बाजूची खाच, खाचेत बसणारी पिन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खालचं टोक. हेच टोक आतल्या फोर्कच्या खाचांमध्ये शिरून गिअर सरकवतं. गोळ्यापासून वरचा भाग खालच्यापेक्षा पाचपट लांब असेल, तर टोकाची 1 मिलिमीटर झीज मुठीपाशी 5 मिलिमीटर होऊन दिसते. स्प्रिंग आणि पिन स्वस्त असतात, त्या बदलूनच टाका. टोकावर वेल्डिंगचा भर घालून कानशीनं आकार आणता येतो. हे काम गाडीपासून दूर करावं, गोळ्याला आच लागू देऊ नये, आणि लाल झालेलं टोक पाण्यात बुडवू नये. लोखंड ठिसूळ होतं. माप न झिजलेल्या दांडीवरून घ्यावं. भर जास्त राहिला तर टोक खाचेत अडकतं, मग गिअर पडेल पण निघायचा नाही. आतल्या खाचाच खाल्लेल्या असतील, तर झाकण उघडावं लागेल. ते मिस्तरीवर सोपवा.

परत बसवताना टॉर्च मारून बघा. सगळ्या खाचा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. एखादी पुढं-मागं असेल, तर तो गिअर पडलेला आहे. स्क्रू ड्रायव्हरनं हलकेच सरकवून रेषेत आणा. तसंच बसवलं तर दुसरा गिअरही पडू शकतो, आणि दोन गिअर एकदम पडले की गिअरबॉक्स जाम. गोळ्याला ग्रीस लावा, पिन खाचेत आली का ते पाहा, टोपी घट्ट करा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून बघा. मग दगड काढून गाडी न्यूट्रलमध्ये हातानं ढकला. ती सहज सरकली पाहिजे.

काही जण हा सगळा खटाटोप टाळून टोपीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कोंबतात. दांडी थोडे दिवस गप्प बसते. पण तिची हालचाल अडली की गिअर पुरता शिरत नाही, अर्ध्या दातांवर सगळा भार येतो आणि दातांच्या कडा उडू लागतात. सेकंडहँड जीप घ्यायला जाल, तेव्हा रबरी बूट उचलून तेवढं तपासा. तुकडा सापडला तर किमतीचं बोलणं तिथूनच सुरू करा.