ई जीवनसत्त्व आणि मनाचा ताण
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘ताणावर औषध’ या विषयावर बोला, असे चिटणीसबाईंनी कळविले. तसे औषध माझ्यापाशी नाही. पण धुळ्याला आमच्या आळीत पुष्कळ बायका ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणून घेतात, आणि जळगावातही तेच चालते असे आत्ताच ऐकले. कुणाचे केस गळतात, कुणाला झोप नाही, कुणाच्या मुलाची बारावी. सर्वांना गोळी एकच!

हे जीवनसत्त्व १९२२ साली अमेरिकेत हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरिन बिशप यांना उंदरांवरील प्रयोगांत सापडले. त्याच्यावाचून मादी गाभण राही, पण पिले पोटातच मरत.

त्याचे काम काय, ते स्वयंपाकघरातच कळते. दाण्याचे कूट फार दिवस राहिले की खवट होते, कारण हवेतला प्राणवायू त्यातील तेल बिघडवितो. आपल्या पेशींच्या आवरणातही स्निग्ध द्रव्य असते. त्याचा असाच बिघाड ई जीवनसत्त्व रोखून धरते. ताण फार दिवस टिकला की हा बिघाड वाढतो, असे मानण्यास आधार आहे. उंदरांना कोंडून ताण दिला आणि हे जीवनसत्त्व दिले, तेव्हा काही प्रयोगांत हानी कमीही दिसली. येथवर गोळीची बाजू खरी.

पण आपण उंदीर नव्हे. अमेरिकेत सुमारे चाळीस हजार स्त्रियांवर दहा वर्षे प्रयोग झाला. निम्म्या जणींना एक दिवसाआड ६०० युनिट ई जीवनसत्त्व दिले. २००५ साली निष्कर्ष आला : हृदयविकाराचे झटके, पक्षाघात, कर्करोग, एकूण मृत्यू, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही. पुरुषांवरील दुसऱ्या प्रयोगात रोज ४०० युनिट दिले, तर प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. ते २०११ साली प्रसिद्ध झाले. माणसाच्या ताणावर ही गोळी उपाय ठरल्याचे सिद्ध झालेले नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम पुरते. सूर्यफुलाच्या तेलाच्या मोठ्या चमच्यात पाच-साडेपाच मिलिग्रॅम असते. भरितात आपण सढळ हाताने दाणे घालतो, त्यांच्या मुठीत दोन-अडीच. कापसाच्या या मुलखात सरकीचे तेल आहेच. मात्र भज्यांचे तेल पुन्हा पुन्हा तापविले तर त्यातले हे सत्त्व बरेच नाहीसे होते. (तेल टाकवत नाही, हे मलाही ठाऊक आहे.)

मला भीती वाटते ती निराळीच. झोप उडणे, छाती धडधडणे, थकवा, ही थायरॉइडची किंवा रक्तक्षयाची खूण असू शकते. गोळीवर भिस्त ठेवून बाई तपासणी लांबविते. रक्त पातळ करण्याचे औषध चालू असेल, तर मोठ्या मात्रेने रक्तस्रावाचा धोका वाढतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तरीही ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना सांगावे.

ज्यांच्या पिशवीत बाटली असेल त्यांनी चहाच्या वेळी मला दाखवावी. मात्रा किती ते आपण वाचून पाहू.