सोळा रुपयांची गाडी

(गणेशोत्सवातील कौटुंबिक संमेलनात सहल समितीच्या वतीने केलेले भाषण)



गणपतीपुढे गाडीभाड्यावर भाषण, हे पत्रिकेत वाचून काहींना हसू आलं असेल. पण अनंत चतुर्दशी झाली की आपल्या इंदूरच्या घराघरांत दिवाळीच्या सुट्टीचे बेत सुरू होतात, आणि त्यातले निम्मे तरी कुलदैवताच्या दर्शनाचे असतात. चार-पाच पिढ्या माळव्यात गेल्या, पोह्यांवर शेव आणि जिरावण आपल्याला लागतंच, पण कुलदैवत तिकडेच राहिलं. कुणाची कवळ्याची शांतादुर्गा, कुणाचा मंगेश, कुणाची तुळजापूरची भवानी. खुद्द होळकरांचंही कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा तिकडे नेऊन आणणं ही आपल्यासाठी नुसती मौज नाही, आणि म्हणूनच त्याचा हिशेब नीट झाला पाहिजे. पैसे कमी पडतील या धास्तीने दर्शन पुढच्या वर्षावर गेलेलं आणि पुढच्या वर्षी आजी राहिली नाही, अशी घरं आपल्यातच आहेत.

समितीकडे वर्षभर येणारा प्रश्न ठरलेला असतो. "गाडी काय किलोमीटरने मिळेल हो?" आमचं म्हणणं असं की हा आकडा सगळ्यांत शेवटी विचारावा. गाडीवाल्यालाही माहीत असतं की आपण याच एका आकड्यावर घासाघीस करणार, म्हणून तो तिथे रुपया-दोन रुपये सोडतो आणि बाकीच्या कलमांत वसूल करतो. यात फसवणूक नाही. त्याचा धंदा तसाच चालतो.

एक उदाहरण मांडून बघू. आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत, तुमच्या गाडीवाल्याचे थोडे इकडेतिकडे असतील. सहा माणसं, सात सीटची गाडी, दहा दिवस. इंदूरहून धुळे, मनमाड, पुणे, कोल्हापूर करत गोवा, आणि त्याच वाटेने परत. जाऊन-येऊन साधारण २,१०० किलोमीटर, गोव्यातली देवळं आणि इतर फिरणं २५० किलोमीटर. झाले २,३५०. दर १६ रुपये. आपण घरी कॅलेंडरच्या मागे गुणाकार करतो आणि ३७,६०० रुपये लिहून मोकळे होतो.

आता बिल कसं येतं ते पाहा. बाहेरगावच्या गाडीला रोजचं किमान अंतर असतं, बहुतेक ठिकाणी २५० किंवा ३०० किलोमीटर. ३०० धरलं तर दहा दिवसांचे ३,००० किलोमीटर झाले. तुम्ही पुण्यात काकांकडे दोन दिवस राहिलात, गोव्यात तीन दिवस देवळाच्या आवारातच काढलेत, गाडी जागची हलली नाही, तरी भाडं ३,००० किलोमीटरचंच. म्हणजे ४८,००० रुपये. ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ५०० धरला तर ५,०००. या दोन्हींवर ५ टक्के जीएसटी, २,६५० रुपये. टोल आणि पार्किंग मिळून ६,००० धरू. बेरीज ६१,६५०. प्रत्यक्ष धावलेल्या अंतराने भागलं तर सोळा रुपयांची गाडी सव्वासव्वीस रुपयांना पडली. आपल्या मनातल्या आकड्यापेक्षा २४,००० रुपये जास्त, आणि त्यातले १०,४०० रुपये तर गाडी उभी राहिल्याचेच.

उभ्या गाडीचे पैसे का द्यायचे, असं पुष्कळांना वाटतं. पण त्या दिवशी ती गाडी दुसऱ्या कुणाच्या कामाला येत नाही, हप्ता आणि ड्रायव्हरचा पगार मात्र चालूच असतो. त्यामुळे भांडण किमान अंतरावर करू नये. त्या दिवशी गाडी आपल्याला हवीच आहे का, हे आपण ठरवायचं.

याच्या जोडीला दोन बारीक गोष्टी. पहिली म्हणजे अंतर तुमच्या दारापासून मोजलं जात नाही, गॅरेजपासून गॅरेजपर्यंत मोजलं जातं. मालकाची गाडी देवासहून येणार असेल तर तेवढे किलोमीटर तुमचे. दुसरी दिवस मोजण्याची. पुष्कळ ठिकाणी दिवस तारखेने धरतात. "रात्री अकराला निघू, सकाळपर्यंत धुळं मागे पडेल," असं आपण उत्साहाने ठरवतो, आणि त्या एका तासासाठी अख्खा दिवस आणि अख्खा भत्ता भरतो. पहाटे चारला निघा. रात्री बिजासन घाट उतरण्याचा धोका टळतो तो वेगळाच, आणि त्याआधीचा गणपती घाट ट्रकांच्या अपघातांसाठी किती बदनाम आहे हे या सभागृहात कुणाला सांगायला नको.

टोलबद्दल एवढंच की फास्टॅगमधून पैसे आपोआप कापले जातात आणि त्याचा मेसेज मालकाच्या मोबाइलवर जातो, आपल्याला काही दिसत नाही. परत आल्यावर फास्टॅगचा उतारा मागावा. मागायला संकोच वाटू देऊ नका, चांगला मालक आपणहून दाखवतो. परराज्याचा कर वेगळा लागणार का, हेही आधीच विचारून घ्यावं. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना असेल तर मालकाने तो परवान्याबरोबरच भरलेला असतो. मग सीमेवर "टॅक्स भरावा लागेल" असं म्हणून कुणी पैसे मागितले तर पावती बघितल्याशिवाय देऊ नयेत.

आता तोच प्रवास दुसऱ्या तऱ्हेने करून बघू. इंदूरहून पुण्याला रेल्वे आहे. पुण्यातले दोन दिवस काकांकडे, तिथे गाडीची गरज नाही. मग पुण्याहूनच सहा दिवसांसाठी गाडी करायची. अंतर ११५० किलोमीटर होईल, पण बिल किमानाने १,८०० किलोमीटरचं, म्हणजे २८,८०० रुपये. भत्ता ३,०००, कर १,५९०, टोल वगैरे ३,०००. एकूण ३६,३९०. पहिल्या हिशेबापेक्षा पंचवीस हजारांनी कमी. सहा माणसांची जाण्या-येण्याची वातानुकूलित डब्यातली तिकिटं त्यात बसून वर पैसे उरतात. मात्र गुडघे दुखणाऱ्या माणसाला प्लॅटफॉर्मवरचा जिना, सामान आणि तिकिटाची प्रतीक्षा यादी यांचीही किंमत असते, ती प्रत्येक घराने आपापली लावावी. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला २०२४ साली केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. तो झाला की आमचं हे भाषण पुन्हा लिहावं लागेल, आणि आम्ही ते आनंदाने लिहू.

आता ज्यावर आम्हाला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे तो मुद्दा. दर वर्षी कुणीतरी सांगतं, "अहो, माझ्या ओळखीत एक जण आहे, घरचीच गाडी देतो, अकरा रुपयांनी." घरची गाडी म्हणजे पांढरी नंबरप्लेट. टॅक्सीची नंबरप्लेट पिवळी असते आणि अक्षरं काळी. आपण स्वतः चालवायला भाड्याने घेतो ती गोव्यातली वगैरे गाडी असेल तर काळी प्लेट आणि पिवळी अक्षरं. विजेवरच्या टॅक्सीची प्लेट हिरवी आणि अक्षरं पिवळी. पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने देता येत नाही, आणि खाजगी गाडीच्या विम्यात भाड्याचा वापर वगळलेला असतो. वाटेत काही झालं नाही तर तुमचे पाच रुपये वाचले. काही झालं तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं, मालक म्हणतो "मी तर मैत्रीखातर दिली होती," आणि तुम्ही परमुलखात एका पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेले असता. सहा माणसं, त्यात दोन सत्तरीच्या पुढची आणि दोन लहान मुलं. ओळखीचा माणूस वाईट असतो असं आम्ही म्हणत नाही. पण त्या अकरा रुपयांत काय नाही, हे माहीत असूनच हो म्हणावं.

गोव्यात उतरून स्वतः गाडी चालवायची असेल तर वरचा भाग लागू आहेच. शिवाय ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून प्रत्येक ओरखड्याचा व्हिडिओ काढावा, पेट्रोलचा काटा आणि किलोमीटरचा आकडाही त्यात यावा. अनामत परत कधी मिळणार, रोज किती किलोमीटर चालतील, अपघात झाला तर आपल्या खिशातून किती जाणार, हे कागदावर लिहून घ्यावं. तरुण मंडळी हे फोनवर झटपट ठरवतात आणि अटी न वाचता "मान्य" दाबतात. त्यांच्या शेजारी बसून एकदा त्या अटी मोठ्याने वाचायला लावा.

पैशांची वाटणी हा विषय नाजूक आहे, तरी काढतोच. दोन भावांची कुटुंबं एका गाडीतून जातात. एकाकडे चार माणसं, दुसऱ्याकडे दोन. गाडीभाडं माणशी वाटायचं की निम्मं-निम्मं? आईवडिलांचे कुणी द्यायचे? आमच्या पाहण्यात यावरून दोन घरांत वर्षभर अबोला राहिलेला आहे, आणि रक्कम होती चार हजारांच्या आसपास. आमची सूचना अशी की आईवडिलांचा वाटा दोघा भावांनी अर्धा-अर्धा उचलावा, मूल मांडीवर बसत असेल तर धरू नये, सीटवर बसत असेल तर पूर्ण धरावं, आणि हे सगळं निघण्याआधी वहिनींच्या समोर ठरावं. परत आल्यावर ठरवायला गेलं की कुणी किती चहा प्यायले तेही निघतं.

शेवटी ड्रायव्हरबद्दल. आपण त्याला भैया म्हणतो, आपल्याबरोबर जेवायला बोलावतो, हे चांगलंच आहे. पण तो झोपतो कुठे, हे किती जण विचारतात? त्या पाचशेच्या भत्त्यात नाताळच्या दिवसांत गोव्यात खोली मिळत नाही. तो गाडीतच सीट मागे करून झोपतो, काचा थोड्या खाली, डास आत. सकाळी सहाला आपण ताजेतवाने होऊन "चला भैया" म्हणतो आणि पुढचे चारशे किलोमीटर त्याच्या डोळ्यांवर सोपवतो. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यात चालकाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातलेली होती, लांबच्या पल्ल्याला थोडी सवलत होती. पण एकाच गाडीचा मालक आणि चालक एकच असतो तिथे हे तास मोजणार कोण?

म्हणून आम्ही समितीच्या सहलींत एक पद्धत पाडली आहे. धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात आपल्या खोल्यांबरोबर ड्रायव्हरसाठीही एक खाट आधीच सांगून ठेवायची आणि ती हिशेबात पहिल्याच ओळीला लिहायची. बुकिंग करताना "ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का?" असं विचारलं की व्यवस्थापक तिथल्या तिथे हो किंवा नाही सांगतो. नाही म्हणाला तर आम्ही दुसरी जागा बघतो. दहा दिवसांना याचे दोन-तीन हजार रुपये जातात, माणशी पाचशेच्या आत.

गाडी ठरवताना विचारायच्या प्रश्नांचा एक कागद समितीने तयार केला आहे, तो बाहेरच्या टेबलावर ठेवलेला आहे. जाताना घेऊन जा.