तावेर्नीचे उघडे दार



आयर्लंडातील बेलफास्ट शहरी ‘क्राऊन लिकर सलून’ नावाचे व्हिक्टोरिया राणीच्या काळातील एक मद्यगृह आहे. चर्चच्या बांधकामासाठी आलेल्या इटालियन कारागिरांनी दिवसाचे काम आटोपल्यावर ते सजविले, असे सांगतात. रंगीत फरशा, चित्रांकित काचा, कोरीव लाकूड. एखाद्या प्रार्थनामंदिरासारखाच तो थाट! सन १९७८ मध्ये नॅशनल ट्रस्ट या संस्थेने ही वास्तू जतनासाठी ताब्यात घेतली. तेथे दहा लाकडी कप्पे आहेत व प्रत्येकाला दार आहे. आत बसावे, दार लोटावे आणि घंटी वाजवून पेला मागवावा. प्यावे, परंतु कोणी पाहू नये, हा त्या काळच्या प्रतिष्ठितांचा संकोच सुताराने नेमका ओळखला होता.

आमच्या डिचोलीची जुनी तावेर्न मात्र अगदी साधी. मालकाच्या घराचीच पुढची खोली, वर मंगळुरी कौले, भिंतीलगत एक बाक आणि फळीवर काचेचे मोठे बुधले. काजूच्या बोंडांचा आंबलेला रस एकदा गाळला की उराक, पुन्हा गाळला की फेणी. गाडीवान, सुतार, मजूर एकाच बाकावर बसत, आणि दार रस्त्याकडे सताड उघडे असे.

आम्हां ख्रिस्ती घरांत फेणी वर्ज्य नाही. पण तिने बुडविलेले संसार शिक्षकाच्या नजरेतून सुटत नाहीत. एके संध्याकाळी माझ्या वर्गातील एक मुलगा तावेर्नीच्या उंबऱ्याशी येऊन मुकाट्याने उभा राहिला. बाकावरची बोलणी थांबली. मालकाने मुलाच्या वडिलांचा पेला पुन्हा भरला नाही. क्षणभराने ते उठले आणि मुलाचा हात धरून घरी गेले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तेथे आले नसतील, असे मी म्हणणार नाही; परंतु त्या रात्री घरात दिवेलागणीला बाप होता.

सन २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन लाभले. पेयाचे नाव सुरक्षित झाले. ते जेथे ओतले जाई त्या खोल्या मात्र एकेक करून मिटत आहेत. त्यांच्या जागी काळ्या काचांचे बार येतात. त्या काचेबाहेर उभ्या राहिलेल्या मुलाला आतले कोणी ओळखत नाही. जुन्या वास्तू जपण्याचा विचार निघेल तेव्हा तावेर्नीचे ते उघडे दारही ध्यानात असावे, एवढीच विनंती.