महिनाभर न भरणारी जखम



नांदेड-लातूरच्या उन्हाबद्दल वेगळं सांगायला नको. तरीही त्वचेचा कर्करोग इथे कमीच. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन ऊन अडवतं.

कमी आहे… पण नाहीच, असं नाही.

१९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलचे डॉ. वसंत खानोलकर यांनी कमरेवरचा एक कर्करोग नोंदवला. धोतराच्या घट्ट गाठीखाली होणारा! तिथली कातडी वर्षानुवर्षं घासते. काळी पडते. मग जखम होते. पुढे तो परकराच्या नाडीखालीही दिसला.

हा घासण्यातून होतो. उन्हातून होणाऱ्याची गोष्ट वेगळी.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बेसल सेल हा उन्हातून होणारा त्वचेचा कर्करोग हळू वाढतो. काही रुग्णांना तो सहा किंवा त्याहून अधिक वेळा झाला होता. त्यांच्यात स्तन, आतडं, प्रोस्टेट, रक्त अशा इतर कर्करोगांचा धोका सुमारे तिप्पट आढळला. पेशींची मोडतोड दुरुस्त करणारी जनुकंच, पाचांतल्या जवळपास एकाच्या शरीरात, सदोष होती.

एकदा झाला, म्हणून घाबरायचं नाही. पण वारंवार झाला, तर लक्ष द्यायचं. घरात कुणाला कर्करोग होता का, हेही डॉक्टरांना सांगायचं.

आणि महिनाभर न भरणारी जखम? हळद-चुना लावत बसू नये. नांदेडला विष्णुपुरीचं, लातूरला विलासराव देशमुख यांच्या नावाचं शासकीय रुग्णालय आहे. कातडीचा छोटासा तुकडा तपासून निदान होतं.

घासणं टळावं म्हणून परकराची नाडी रुंद घ्यावी, सैल बांधावी. गाठीची जागा अधूनमधून बदलावी.